२०१४ ची हायब्रिड, बॅटरी थकली. माझं मत: पूर्ण पॅकच बदलावा

मिऱ्याकिनारा (रत्नागिरी)
आधी मत सांगतो, मग कारणं. जुन्या हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीची, मोठी बॅटरी गेली तर पूर्ण पॅक, म्हणजे अख्खी बॅटरीच बदलावी. एखादं मॉड्यूल (पॅकमधली एक छोटी बॅटरी) बदलून दिवस ढकलू नयेत आणि गाडीही विकू नये.

निवळी घाट चढताना डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमचा इशारा लागला आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना. कोल्हापूरच्या ओळखीच्या मेकॅनिकने माझ्यासमोर पॅक उघडला. मागची सीट काढली, रबरी हातमोजे घालून पॅकची वीज तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग उपसला आणि दहा मिनिटं नुसता थांबला. गाडीच्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मग झाकण निघालं. ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल एकामागे एक जोडलेली, म्हणजे जवळजवळ २४५ व्होल्ट. त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकलं की जो रंग दिसतो ना, तोच. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, खारी हवा बारा महिने आत जात होती.

दुसरी गोष्ट पाहून जास्त वाईट वाटलं. पॅक थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. त्याच्या जाळीत भाताचा पेंढा अडकला होता. दर एप्रिल-मेमध्ये मी मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या वाहतो, त्याचा हा पेंढा. इतकी वर्षं सर्व्हिसिंग झालं, ती जाळी एकदाही कुणी साफ केली नाही. मलाही कुणी सांगितलं नाही.

तपासणीत एक मॉड्यूल मेलेलं, तीन कमजोर निघाली. सर्व्हिस सेंटर म्हणतं, सुटं मॉड्यूल मिळणार नाही, पूर्ण पॅकच घ्या. किंमत गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्मी. तरीही मी पॅक घेतोय. इंजिन ठणठणीत आहे, बॉडीला गंज नाही. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

घाटमाथा (साखरपा)
दादा, मला हे अजिबात पटलं नाही. तीस मॉड्यूल चांगली असताना ती भंगारात का घालायची? चार बदला, पट्ट्या घासून स्वच्छ करा नाहीतर नव्या टाका, जाळी साफ करा. पुष्कळ फॉल्ट त्या हिरव्या पट्ट्यांमुळे येतात. सांध्यावर रोध वाढला की व्होल्टेज चुकीचं दिसतं आणि कॉम्प्युटर चांगल्या मॉड्यूललाही खराब ठरवतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत दोन मॉड्यूल बदलली, दोन पावसाळे झाले, गाडी मजेत चालते. सर्व्हिस सेंटर सुटा भाग देत नाही हा अन्याय आहे, आणि निमूटपणे पूर्ण पॅक घेऊन आपण त्याला बळ देतो.

मिऱ्याकिनारा
सुटा भाग मिळायला हवा, याबाबत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण ही मॉड्यूल मालिकेत जोडलेली आहेत, सगळ्यांतून एकच करंट जातो. जे सर्वांत दुबळं, तेच पॅकची मर्यादा ठरवतं. चार ताजी बसवली तरी उरलेल्या तिसांचं वय तेच. वर्षभरात पाचवं जातं, मग सहावं. दरवेळी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. घरात म्हातारी आई आहे, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते. मला भरवशाची गाडी हवी.

वशिष्ठीकाठ (चिपळूण)
एक मुद्दा राहिला. सर्व्हिस सेंटर देत नाही, मग ही सुटी, वापरलेली मॉड्यूल येतात कुठून? अपघातात गेलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या गाड्यांतून. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेत गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. नंतर त्या उचलल्या, कुठे कुठे गेल्या, देव जाणे. पाणी लागलेला पॅक वरून वाळला तरी आतल्या सांध्यांवरचा गाळ आणि क्षार तसेच राहतात. लिथियमच्या पॅकला तर आगीचाच धोका. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या. मूळ गाडीचा इतिहास कागदावर मिळाल्याशिवाय वापरलेलं मॉड्यूल घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

माडबन_वाट (कुडाळ)
मी तर म्हणते, गाडीच विका. पैशे झाडाक लागनत नाय. या गाड्यांना वेगळा स्टार्टर नसतो, मोठ्या बॅटरीच्याच विजेवर इंजिन चालू होतं. ती गेली की टाकी पेट्रोलने भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बरं, टोचन करून न्यावी तर तेही चालत नाही. पुढची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होतं. म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, आणि तो मुंबई-गोवा महामार्गावर कधी पोचेल ते तुम्हीच सांगा. त्यात नवी इलेक्ट्रिक गाडी घेताना जीएसटी ५ टक्के, पण तिची लिथियम बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. जो माणूस जुनी गाडी जपतो त्यालाच भुर्दंड. माझे वडील साधी पेट्रोल गाडी वापरतात, ती सावंतवाडीच्या कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होते.

खाडीकाठ (दापोली)
ताई, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक एका मापाने मोजू नका. माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा पॅक ३०.२ किलोवॅट-तासाचा, लिथियम आयर्न फॉस्फेटचा (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार), पाण्याने थंड होणारा. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. तो हळूहळू उतरतो, एका दिवसात दगा देईल असं सहसा होत नाही. २० टक्के क्षमता गेली तरी दापोली-खेड जाऊन-येऊन काहीच अडचण नाही. आणि गाडीतून काढलेल्या पॅकलाही काम असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कित्येक दिवस अंधारात काढले आम्ही. जाणकाराने तपासून बांधलेला असा पॅक तेव्हा घरात असता, तर निदान दिवे, पंखे आणि फोन चालले असते. भंगार भंगार काय म्हणता!

मिऱ्याकिनारा
ताई, जीएसटीचं अगदी बरोबर बोललात, तो राग माझाही आहे. फ्लॅटबेडसाठी मी स्वतः चार तास रस्त्यावर बसलोय. पण ही गाडी विकली तर घेणारा बॅटरीची पूर्ण रक्कम कापूनच भाव देणार. आणि दोष लपवून विकणं माझ्याच्याने होणार नाही.

जुन्या पॅकबद्दल: २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. तो दिल्याची पावती मी मागून घेणार. नव्या पॅकची वॉरंटीही कागदावर. पंख्याच्या जाळीवर बारीक कापड लावायला मेकॅनिकने मना केलं, हवा कोंडते म्हणाला. त्यामुळे दर महिन्याला जाळी काढून ब्रशने झाडणार, आणि आंब्याच्या पेट्या यापुढे भावाच्या टेम्पोतून.

घाटमाथा
ठीक आहे दादा, गाडी तुमची, आईची काळजीही रास्त. एवढंच करा. जुना पॅक परत देण्याआधी मेकॅनिककडून चौतीसही मॉड्यूलची क्षमता मोजून घ्या आणि आकडे इथे टाका. उरलेली तीस खरंच थकलेली निघाली तर मी माझं म्हणणं मागे घेईन. चांगली निघाली, तर ती पुनर्वापराच्या भट्टीत जाताना मला वाईट वाटेल.

मिऱ्याकिनारा
मोजून घेतो. बुधवारी गाडी उघडणार आहेत, रात्रीपर्यंत आकडे टाकतो.