टाचेतली कळ आणि फुगलेलं बोट
ताई, पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत कळ जाते, चौथं बोट सॉसेजसारखं फुगलंय आणि आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह, असं तुम्ही वर लिहिलंय. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजाराशी जोडलेल्या संधिवातात, तो बहुधा निगेटिव्हच येतो, त्यामुळे त्यावर निर्धास्त राहू नका. माझ्या बोटाला गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) समजून वर्षभर डाळी बंद होत्या! नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर तेही संधिवाततज्ज्ञांना दाखवा. मी फरशीवर अनवाणी चालणं सोडलं. मऊ चप्पल पलंगाखालीच असते. बूट पुढून रुंद बघायचे, आणि खरेदी संध्याकाळी, तेव्हा पावलं जरा सुजलेली असतात. मेथोट्रेक्सेट हे या संधिवातावरचं औषध दिलं तर आठवड्यातून एकदाच हं, रोज नाही. कोल्हापुरी चपलांना मात्र रामराम करावा लागला.