निळू फुले: सहा सत्रांत त्यांचा अभिनय कसा दाखवावा?

शनिवारचा_खेळ

नमस्कार मंडळी,

महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमध्ये यंदा एकाच नटावर सहा शनिवार करायचं ठरलं आहे आणि नट ठरले आहेत निळू फुले. प्रेक्षक अठरा ते वीस वर्षांचे. त्यांच्यापर्यंत निळूभाऊ पोचले आहेत ते फक्त नकलांमधून: धोतर, तिरकी नजर, ओढलेला आवाज आणि वाड्यावरचं बोलावणं. एवढ्या मोठ्या नटाचं एवढंच उरावं हे बरं वाटत नाही.

चित्रपट कोणते आणि कोणत्या क्रमाने लावावेत? कालक्रमाने गेलं तर सोपं पडेल का? आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळी मुलांना नेमकं काय बघायला सांगायचं? नुसतं "काय अभिनय आहे!" म्हणून कुणी काही शिकत नाही. शिवाय रंगभूमीवरच्या कामाचं काय करायचं हाही प्रश्न आहे. 'सखाराम बाइंडर' वगळून निळू फुले सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

एका सत्राला तीन तास मिळतात. साध्या वर्गखोलीत प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि साठेक खुर्च्या आहेत.

---

गण_गौळण

कालक्रमाने अजिबात जाऊ नका. पहिल्याच शनिवारी तमाशापट लावला तर मुलांच्या डोक्यातला "गावचा खलनायक" आणखी पक्का होईल आणि पुढचं सगळं ते त्याच चष्म्यातून बघतील.

पहिला 'सामना', दुसरा 'सिंहासन' (१९७९). दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींचं लेखन विजय तेंडुलकरांचं, दोन्हींत डॉ. श्रीराम लागू आहेत आणि मध्ये अंतर जेमतेम पाच वर्षांचं. म्हणजे बाकी माणसं तीच आणि निळूभाऊंची जागा मात्र पार उलटी. 'सामना'त ते हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे आणि अवघ्या पंचक्रोशीचे मालक. 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस, बातमीदार, ज्याच्या हातात वहीपेन सोडून काही नाही. एकात सत्ता त्यांच्या अंगात आहे, दुसऱ्यात ते ती नुसती बघतात. लागोपाठच्या दोन शनिवारी हे दोन बघितले की नक्कल आपोआप गळून पडते.

'सामना'च्या आधी मुलांना कागद द्या आणि एकच काम सांगा: हिंदुराव आवाज चढवतो ते प्रसंग टिपा. यादी अपेक्षेपेक्षा फार छोटी होईल. ज्याच्या एका शब्दावर गाव हलतं त्याला ओरडायची गरज पडत नाही, हे निळूभाऊंना पक्कं उमगलं होतं. दुसरी गोष्ट त्याचं यजमानपण. कुठून तरी आलेल्या, दारूत बुडालेल्या मास्तरला (श्रीराम लागू) हिंदुराव घरी ठेवून घेतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आपला पसारा फिरवून दाखवतो. हा पाहुणचार ढोंगी वाटला तर चित्रपट तिथेच बसला असता. निळूभाऊ तो मनापासून करतात. स्वतः उभं केलेलं दाखवताना त्या माणसाला खराखुरा अभिमान वाटतो. म्हणूनच मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारायला लागतो तेव्हा आपल्याला हिंदुरावाची चीड येण्याआधी त्याची अस्वस्थता दिसते. त्या प्रश्नांच्या वेळी लागूंकडे बघू नका, ऐकणाऱ्या चेहऱ्याकडे बघा.

'सिंहासन'मध्ये हेच सूत्र अख्ख्या भूमिकेला लागू आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून केलेला हा चित्रपट माणसांनी गच्च भरलेला आहे: मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी. या सगळ्यांमध्ये ये-जा असणारा माणूस दिगू. बरेचदा तो खोलीतला तिसरा असतो आणि बोलत दुसरेच असतात. अशा भूमिकेत नटाला दोन मोह होतात. एक, प्रत्येक वाक्यावर चेहऱ्याने मत द्यायचं. दुसरा, नुसतं लाकूड होऊन बसायचं. निळूभाऊ दोन्ही टाळतात. त्यांचा दिगू सगळं आत साठवत जातो, म्हणून शेवटचं ते वेड्यासारखं हसणं अंगावर येतं. तो शेवट तुकडा म्हणून वेगळा कधीही दाखवू नका. आधीचं साठणं बघितलं नसेल तर ते हसू फुकट जातं.

हे दोन झाल्यावर मग मागे जा: 'एक गाव बारा भानगडी' (१९६८). अनंत माने यांचा चित्रपट, कथा शंकर पाटलांची, निळूभाऊंचा झेलेअण्णा. पडद्यावरची ही त्यांची पहिली मोठी ओळख. दिगूनंतर झेलेअण्णा बघताना मुलं खलनायक बघणार नाहीत, नट बघतील. 'सिंहासन'चे मुख्यमंत्री सरनाईकही इथे वेगळ्याच रूपात भेटतील.

चौथ्याला 'सारांश' (१९८४). पाचवं आणि सहावं सत्र नाटक आणि उरलेल्या तुकड्यांना ठेवा.

---

बतावणी

वरचा क्रम पटला. फक्त तिसऱ्या सत्राआधी पंधरा मिनिटं वगनाट्यावर द्या. आवाजाचं मूळ तिथे आहे आणि ते न सांगता "काय आवाज होता" म्हणणं अर्धवट राहतं.

निळूभाऊ घडले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. त्या काळात ते पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'तला रोंग्या आणि मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची', या वगांनी त्यांना सिनेमापर्यंत नेलं. वगनाट्याची बांधणी मुलांना थोडक्यात सांगा: गण (गणपतीचं स्तवन), गौळण (कृष्ण आणि गवळणींचा भाग), बतावणी (विनोदी संवाद) आणि मग वग, म्हणजे मुख्य गोष्ट. संहिता असते, पण सोंगाड्याला तिच्यात जागच्या जागी भर घालावी लागते. गावातल्या ताज्या घडामोडी, समोर बसलेली माणसं, सगळं बोलण्यात ओढायचं. हशा आला की थांबायचं, तो पूर्ण उठू द्यायचा आणि उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. लवकर बोललात तर वाक्य हशात बुडतं. उशीर झाला तर रंग जातो.

निळूभाऊंच्या पडद्यावरच्या विरामांचं मूळ हे आहे. नक्कल करणारे त्यांचा शब्द ओढतात. खरी करामत शब्दाआधीच्या थांबण्यात आहे. समोरच्याचं बोलणं संपतं, ते क्षणभर काहीच करत नाहीत, मग नजर वळते आणि मग आवाज येतो. नकलेत नजर आणि आवाज एकदमच येतात, म्हणून ती भीतीदायक होत नाही, नुसती गमतीदार होते.

आता दुसरी बाजू. उघड्या मैदानात शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेला नट कॅमेऱ्यासमोर बहुधा मोठा होतो. भुवया उडतात, हात फिरतात, वाक्याचा शेवट वर जातो. निळूभाऊंनी उलट केलं. पडद्यावर त्यांनी आवाज खाली आणला, वाक्याचा शेवट जवळजवळ पुटपुटत सोडला आणि हातांना धोतराच्या सोग्यापुरतंच काम दिलं. माईक जवळ आहे आणि ऐकणं समोरच्याची गरज आहे, हे दोन्ही त्यात आलं. मुलांना हे दाखवायचा सोपा मार्ग: 'सामना'तला एक प्रसंग तीन मिनिटं आवाज बंद करून दाखवा, मग तोच पडदा झाकून नुसता ऐकवा, मग पूर्ण. पहिल्या वेळी हालचाल किती कमी आहे ते कळतं, दुसऱ्या वेळी आवाजात किती भरलं आहे ते.

नाटकासाठी 'सखाराम बाइंडर' (१९७२) वाचायलाच घ्या. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, लालन सारंगांची चंपा आणि निळूभाऊंचा सखाराम. सुरुवातीचा प्रसंग घ्या, जिथे सखाराम नव्याने आणलेल्या लक्ष्मीला घर दाखवतो आणि घराचे नियम सांगतो. दोन मुलांना मोठ्याने वाचायला लावा. पहिल्यांदा सगळे धाक दाखवत वाचतील आणि सखाराम साधा गुंड होईल. मग सांगा की हा माणूस बुकबाइंडर आहे, मृदंग वाजवतो आणि आपण जगापेक्षा प्रामाणिक आहोत अशी त्याची ठाम समजूत आहे. नियम तो व्यवहार म्हणून सांगतो, धमकी म्हणून नाही. दुसऱ्या वाचनात फरक लगेच ऐकू येईल. तेंडुलकरांनी लिहिलेला हा माणूस पाटलाच्या वाड्यातला नाही, साध्या दोन खोल्यांतला आहे, हेही नकलेवरचं चांगलं औषध.

सोबत जयवंत दळवींचं 'सूर्यास्त'. त्यातले अप्पाजी म्हणजे सखारामच्या दुसऱ्या टोकाचा माणूस, जुन्या ध्येयवादी पिढीतला. दोन्ही संहितांतलं एकेक पान शेजारी शेजारी वाचलं तरी पुरे. एकच नट ही दोन्ही टोकं सांभाळत होता.

---

रीळ_नंबर_तीन

सत्राच्या तांत्रिक बाजूबद्दल, कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो.

'सामना' आणि 'सिंहासन' दोन्ही लांब आहेत. तीन तासांत चित्रपट, मध्यंतर आणि चर्चा बसवायला गेलात तर चर्चा दहा मिनिटांची होते आणि मुलं बॅगा आवरत बोलतात. त्या दिवशी फक्त चित्रपट दाखवा. पुढच्या शनिवारी सुरुवातीची वीस मिनिटं मागच्या चित्रपटाला द्या, चार-पाच मिनिटांचे दोन प्रसंग पुन्हा लावून. आठवड्याभराने जे लक्षात राहिलं आहे त्यावर बोलणं जास्त नेमकं होतं. पुढचा चित्रपट लांब असेल तर त्या शनिवारी अर्धा तास आधी बोलवा.

चित्र ताणू नका. जुन्या चित्रपटांची चौकट चौकोनाकडे झुकणारी असते. प्रोजेक्टर रुंद पडदा भरायला बघतो आणि चेहरे आडवे सुजतात. ज्या नटाचं अर्धं काम डोळ्यांत आहे त्याच्या बाबतीत हे फार नुकसानीचं. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

आवाज: निळूभाऊंचा स्वर खालचा आणि वाक्याचा शेवट दबका. वर्गखोलीत भिंती उघड्या असतात, तिथे खालचे स्वर घुमतात आणि शब्द चिखल होतात. स्पीकर जमिनीवरून उचलून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा, खर्ज (बास) कमी करा, मधल्या पट्टीचे स्वर थोडे वाढवा. जाड पडदे किंवा मागच्या भिंतीला सतरंजी टांगली तरी फरक पडतो. आदल्या दिवशी शेवटच्या ओळीत बसून एक प्रसंग ऐका. शब्द कळत नसतील तर आवाज वाढवून उपयोग नाही, घुमणं कमी करावं लागेल.

परवानगीचं आधी बघा. आंतरजालावर चित्रपट फुकट दिसतो म्हणून तो सभागृहात जाहीरपणे दाखवायचा हक्क मिळत नाही. हक्क निर्मात्याकडे किंवा पुढे ज्याने ते विकत घेतले त्याच्याकडे असतात. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे महाविद्यालयाच्या पत्रावर चौकशी करा. पत्रात चित्रपट, तारीख, प्रेक्षकसंख्या आणि तिकीट नाही हे स्पष्ट लिहा. निदान दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

पत्रक छापताना सालं तपासा. 'सामना' कुठे १९७४ तर कुठे १९७५ दिसेल. तो १९७४ चा म्हणून नोंदला जातो आणि बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता तो १९७५ ला. एक साल धरा आणि सगळीकडे तेच ठेवा. शोधताना नावही दोन प्रकारे टाका, 'निळू' आणि 'निलू'. हिंदी श्रेयनामावल्यांत 'ळ'चा 'ल' होतो आणि निम्मी माहिती त्या नावाखाली सापडते. मूळ नाव नीळकंठ कृष्णाजी फुले.

---

शनिवारचा_खेळ

मनापासून आभार. कागदावर टिपायची कल्पना आणि सखारामचं वाचन नक्की करणार. एक शंका: 'सारांश'ला अख्खं सत्र द्यावं का? तो चित्रपट अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी यांचा आहे. 'कुली' किंवा 'मशाल' जास्त ओळखीचे वाटतील का?

---

गण_गौळण

'सारांश'च ठेवा. 'कुली' (१९८३) आणि 'मशाल' (१९८४) मोठे चित्रपट आहेत, पण हिंदीने त्यांना किती कमी जागा दिली एवढंच त्यातून दिसतं. 'सारांश'चं तसं नाही. शिवाजी पार्कात घडणारी गोष्ट, म्हातारं मराठी जोडपं आणि त्यांच्यावर दबाव आणणारा पुढारी गजानन चित्रे. हिंदुराव आणि चित्रे यांची तुलना हाच त्या सत्राचा विषय करा. हिंदुरावाची सत्ता जमिनीतून आणि कारखान्यातून आलेली आहे, तो गावाला आपलं समजतो. चित्रेची सत्ता शहरी आहे, फोनवरची आणि माणसं पाठवण्याची. त्याला समोरच्या म्हाताऱ्याशी काही देणंघेणं नाही, फक्त अडथळा दूर करायचा आहे. हिंदुरावात असलेली ऊब इथे निळूभाऊंनी साफ काढून टाकली आहे. नुसता वेश बदलून हे होत नसतं.

भूमिका थोडा वेळच आहे, म्हणून पूर्ण चित्रपट दाखवताना मुलांना चित्रे येतो-जातो ते प्रसंग टिपायला सांगा. तो पडद्यावर नसतानाही घरात त्याची भीती टिकते का, हे विचारा. सहायक नटाचं मोजमाप तिथे होतं.

---

बतावणी

सहाव्या सत्राबद्दल राहिलं. 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'पिंजरा' (१९७२) मधले त्यांचे प्रसंग आधी वीस मिनिटांत दाखवा. पहिल्यात दादा कोंडके, दुसऱ्यात लागू आणि संध्या मध्यभागी आहेत. मुख्य नटाची जागा न खाता बाजूला उभं कसं राहायचं ते त्यात दिसतं. मग 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' (२००९). शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा चित्रपट, निळूभाऊंचं अखेरच्या काळातलं काम. त्याच वर्षी १३ जुलैला ते गेले. शरीर थकलेलं आहे, आवाज मात्र ओळखीचा.

त्याच दिवशी शेवटी एका मुलाला निळूभाऊंची नक्कल करायला सांगा. पहिल्या शनिवारीही तीच करून घ्या आणि दोन्ही फोनवर चित्रित करून ठेवा. दोन्ही एकापाठोपाठ लावा आणि फक्त विराम मोजा.