मदत हवी आहे : आठ फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये ६ डीबी जादा लॉस

खानापुरातून जांबोटी रस्त्याने ११ किमी केबल, जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट देणारी पद्धत). ओएलटीतून (आमच्या बाजूचं मुख्य यंत्र) +४ डीबीएम निघतात. माझा हिशोब असा: फायबर १४९० नॅनोमीटरला किमीला ०.२५ डीबी दराने २.७५, १:४ स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश चार फाट्यांत वाटणारा) ७.३, पुढे १:८ चे १०.५, बारा स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड) १.२, चार कनेक्टर १.२. एकूण साधारण २३ डीबी, म्हणजे घरात -१९ यायला हवेत. येतात -२५. ओएनयू (घरातला मोडेम) -२७ पर्यंत चालतो, पण पावसात एवढ्या मार्जिनवर कसा भरवसा ठेवायचा?

१:८ च्या पेटीत येणारी फायबर सोडवून मोजली तर -७.६, हिशोबाबरहुकूम. आठही फाट्यांवर मात्र -२४ च्या आसपास.

मीटर १४९० वरच आहे. कनेक्टर पुसले, ॲडॉप्टर बदलला. सगळे हिरवे एपीसी (तिरक्या टोकाचे), त्यांच्याशी न जुळणारा निळा एकही नाही. पेटीत ओल नाही. ओटीडीआर (लॉस फायबरमध्ये नेमका कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) मिळत नाही.

स्प्लिटर बदलायचा तर आठ घरं बंद ठेवावी लागतील, आणि शिल्लक एकच आहे. आठही फाटे सारखेच पडलेत म्हटल्यावर दोष स्प्लिटरच्या इनपुट पिगटेलच्या (आत येणाऱ्या फायबरच्या तुकड्याच्या) वळणात असेल की आतल्या चिपमध्ये? नुसत्या पॉवर मीटरवर हे कसं ओळखायचं?