मदत हवी आहे: यॅमल कॉन्फिगमध्ये ०२१६२ चा ११३८ होतोय

पायथॉनचं पाय-यॅमल (यॅमल या साध्या मजकुरी फॉरमॅटमधल्या सेटिंग फाइली वाचणारी लायब्ररी) आतून पाहिलेलं साताऱ्यात कोणी आहे का?

एका ओपन सोर्स बिलिंग टूलची कॉन्फिग फाइल सेफ-लोडने (पाय-यॅमलच्या सुरक्षित वाचन फंक्शनने) वाचली जाते. शाखेचा एसटीडी कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला की साताऱ्याचा ०२१६२ होतो ११३८ आणि सांगलीचा ०२३३ होतो १५५. महाबळेश्वरचा ०२१६८ मात्र शाबूत! यॅमल १.१ शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल (आठाच्या पायाचा) धरतं. ऑक्टलमध्ये ८ बसत नाही, म्हणून तो मजकूर राहतो. नेमका हाच कोड टेस्टमध्ये होता, त्यामुळे बग निसटला. दुकान बंद व्हायची वेळ १८:३० चीही १११० होते, तिथे साठाचा हिशोब (१८×६०+३०) लागतो. शिवाय सेटिंग सेव्ह केली की चुकीचा आकडाच फाइलमध्ये परत लिहिला जातो.

'अवतरणचिन्हं टाका' हे उत्तर नको, जुन्या फाइली लोकांकडे आहेत. यॅमल १.२ चा पार्सर घेतला तर २१६२ मिळतं, शून्य गेलंच. पाय-यॅमलच्याच बेस-लोडरने (प्रकार न ओळखणाऱ्या लोडरने) सगळंच मजकूर होतं: 'फॉल्स'सुद्धा इफमध्ये खरं ठरतं, आणि मर्जची (एका भागातल्या सेटिंग दुसऱ्यात मिसळायची) '<<' खूणही चालत नाही.

आता सेफ-लोडरचा सबक्लास करून पूर्णांकाचा रिझॉल्व्हर (मजकूर बघून प्रकार ठरवणारा नियम) बदलायचा विचार आहे. रिझॉल्व्हरची डिक्शनरी आतल्या याद्यांसकट कॉपी करायची, नाहीतर मूळ सेफ-लोडरही बदलतो, एवढं माहीत आहे. पण नुसता ० आणि ०एक्स१एफ पूर्णांकच राहायला हवेत. यासाठी रेगेक्स (मजकुराचा नमुना जुळवणारं सूत्र) कसा लिहाल? की स्कीमा (कुठल्या सेटिंगचा प्रकार कोणता याची यादी) पाहून नोडचा, म्हणजे फाइलमधल्या त्या नोंदीचा, मूळ मजकूरच उचलणं बरं?