माठाला भोक पाडायचंय कारंजासाठी, तडा जाऊ नये म्हणून काय करू?

इंदिरानगरची_बाग

नमस्कार मंडळी, इंदिरानगरला आमचं रो हाऊस आहे, मागे जेमतेम दहा बाय बाराची जागा. तिथे मातीच्या माठांचं कारंजं करायचं डोक्यात आहे म्हणजे वर एक तिरका माठ, त्यातून पाणी मधल्या माठात, तिथून खालच्या पसरट कुंडीत आणि कुंडीतला पंप ते पाणी परत वर चढवणार असं. गंगापूर रोडला एका नर्सरीत तयार बघितलं पण किंमत ऐकून तशीच मागे फिरले, म्हटलं घरीच करू.

माठ आणि कुंडी आणून ठेवलीय, सगळं भाजलेलं पक्कं. आता वरच्या दोन्ही माठांना पाइप जाईल एवढं भोक पाडायचंय, साधारण २२ एमएमचं. घरी ड्रिल मशीन आहे, हॅमरवालं. शेजारी फर्निचरचं काम चालू आहे त्या मिस्त्रींनी माठ बघितले आणि म्हणाले हॅमर लावून दोन मिनिटात करून देतो ताई, तर मी काही बोलायच्या आत मिस्टरांनी माठ उचलून आत नेऊन ठेवले, म्हणाले आधी कुणालातरी विचार.

अजून दोन गोष्टी. कुंडीला बुडाशी आधीच भोक आहे, झाडासाठी असतं ते, ते कशाने बुजवू? आणि दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतायत भोक पाडलेलं मडकं दारात चालणार नाही. हा प्रश्न ड्रिलपेक्षा अवघड आहे, कुणाकडे उत्तर असेल तर प्लीज सांगा.

अंबड_टूलरूम

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, माठ वाचवले त्यांनी. हॅमर मोड अजिबात नाही. मशीनवर हातोडीचं चित्र आणि ड्रिलचं चित्र असं बटण असतं ते ड्रिलवर ठेवा आणि स्पीड कमीत कमी. भाजलेली माती ठोके सहन करत नाही, भोक पडायच्या आधी शेजारून तडा जातो आणि कधीकधी तो तेव्हा दिसतही नाही, पाणी भरल्यावर कळतं.

माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. टपात मावत नसेल तर आत पाणी भरा आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. कोरडी माती बिटाखाली तापते, एकाच जागी तापली की तडकते. ओली असली की थंड राहते, धूळही कमी उडते, आणि या धुळीत सिलिका असते तेव्हा ओलं असलं तरी मास्क लावाच.

२२ साठी साधं बिट शोधू नका. टाइल्सला नळाची भोकं पाडतात ते डायमंडचं होल सॉ मिळतं, गोल कडं असतं आणि कडेला हिऱ्याची पूड लावलेली असते, हार्डवेअरवाल्याला टाइल्सचं म्हणून सांगा लगेच देईल. त्याला मधे टोक नसतं त्यामुळे सुरुवातीला घसरतं. सपाट बूड असेल तर प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो तुकडा टेपने चिकटवायचा आणि त्याच्यातून बिट घालायचं. माठाच्या पोटावर प्लाय बसत नाही, तिथे बिट थोडं तिरकं धरून आधी एका बाजूने चंद्रकोरीसारखी खाच पाडायची आणि मग मशीन हळूहळू सरळ करायचं.

आता महत्त्वाचं. घट्ट मळलेल्या कणकेची गोल पाळ करून भोकाच्या जागेभोवती चिकटवा, बोटभर उंच, आणि त्या आळ्यात पाणी ओता. बिट त्या पाण्यात फिरत राहतं. कडेनं लाल चिखल येत राहिला पाहिजे, तो थांबून पूड दिसायला लागली की पाणी संपलं समजा, थांबा, परत ओता. माठ आडवा करून वाळूच्या पोत्यावर टेकवा म्हणजे हलणार नाही आणि जमलं तर आतही ओली वाळू भरा. शेवटचे एकदोन एमएम राहिले की जोर पूर्ण काढून घ्या, फक्त मशीनच्या वजनावर होऊ द्या, नाहीतर आतल्या बाजूने रुपयाएवढी खपली निघते. वायरवालं मशीन असेल तर पाणी चमच्यानेच घाला, मशीनवर उडेल असं नको, हात कोरडे, पायात चप्पल. बॅटरीवालं कुणाकडून मिळालं तर उत्तमच.

जुनं_नाशिक

वर सांगितलं ते सगळं बरोबर आहे पण मुळात भाजलेल्या माठाला भोक कशाला पाडायचं हा माझा प्रश्न आहे. आमचं आजोळ कुंभारवाड्यातलं, लहानपणी सुट्टीत तिथेच असायचो. कुंभाराला आधी सांगितलं की तो माठ अर्धवट सुकलेला असतानाच पात्याने गोल कापून देतो, एक मिनिटाचं काम, ना ड्रिल ना तडा, कड पण ओल्या हाताने गुळगुळीत करून देतो. फक्त माप सांगताना लक्षात ठेवा, माती सुकताना आणि भट्टीत मिळून साधारण दहावा भाग आक्रसते म्हणजे तुम्हाला २२ हवं असेल तर ओल्या मातीत २५ चं पाडायला सांगा. पाइपचा तुकडाच बरोबर न्या आणि म्हणा हा भाजल्यावर आत गेला पाहिजे, तो बरोबर अंदाजाने करतो.

आता तुम्ही आणलेत ते आणलेत, तर निदान भोक कुठे पाडायचं ते बघा. माठ चाकावर एवढा मोठा होत नाही, चाकावरून काढल्यावर आतून गोटा धरून बाहेरून थापटून थापटून त्याचं पोट फुगवतात. म्हणून पोटाला भिंत पातळ असते आणि गळ्याकडे जाड. पोटाच्या बरोबर मधे पाडू नका. आणि ड्रिल लावायच्या आधी माठ उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत वाजला तर ठीक, भद्द आवाज आला तर आधीच कुठेतरी केसासारखा तडा आहे, त्याच्यावर मेहनत घेऊ नका, त्यात माती भरून पुदिना लावा.

इंदिरानगरची_बाग

बापरे किती छान माहिती, दोघांचेही आभार. वाजवून बघितले, एक मस्त वाजतोय, दुसरा थोडा शंकास्पद आहे म्हणजे भद्द नाही पण पहिल्यासारखा टणटणीतही नाही. कुंभारवाड्यात जाऊन येते रविवारी. पण तोपर्यंत एक तरी करून बघायचाच आहे.

नळ_पाणी_गळती

प्लंबिंगचं काम करतो म्हणून सांगतो, तुम्हाला दोन भोकं लागतच नाहीत. नीट विचार करा. पंपाची नळी फक्त सगळ्यात वरच्या माठात जायला पाहिजे. मधल्या माठात पाणी वरून पडतं आणि तोंडातून सांडतं, त्याला भोक कशाला? नळी मागच्या बाजूने वर न्या, पुढे दोन नेच्याची झाडं ठेवा, दिसणार पण नाही. म्हणजे राहिला एकच माठ, जो छान वाजतोय तो.

आणि २२ का? ते अर्ध्या इंची टँक निपलचं, म्हणजे टाकीच्या भोकात बसवून पाइप जोडतात त्या आटेवाल्या तुकड्याचं, माप तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार, त्याचा आटा बाहेरून २१ च्या आसपास असतो. पण तुम्ही कूलरचा पंप लावणार असाल तर त्याची लवचिक नळी बाहेरून साधारण १२-१४ ची असते, नळी बरोबर घेऊन मोजा आणि त्याच्यापेक्षा दोन एमएम मोठं भोक पाडा, झालं. भोक जेवढं लहान तेवढा धोका कमी. आणि ते माठाच्या मागच्या अंगाला वरच्या बाजूला पाडा, म्हणजे आतल्या पाण्याच्या पातळीच्या वर, मग सील करायचीच गरज नाही. नळीचं टोकही पाण्याच्या वरच राहू द्या. टोक पाण्यात बुडालेलं असलं ना की पंप बंद केल्यावर वरच्या माठातलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं आणि कुंडी भरून वाहते, लोकांना वाटतं कुठेतरी लीक आहे.

कुठे टँक निपल लावायचंच असेल तर माठ गोल असतो आणि वॉशर सपाट, दोघांचं जमत नाही. आधी भोकाभोवती एमसीलची सपाट बैठक करा, ती पूर्ण घट्ट झाली की मग दोन्हीकडून रबर वॉशर लावून आवळा, हातानेच, पाना नको.

कुंडीचं भोक: आतून बुजवा. बाहेरून लावलं तर पाणी त्याला ढकलतं, आतून लावलं तर पाण्याचा दाबच त्याला धरून ठेवतो. टाइलचा छोटा तुकडा आणि खाली एमसील, दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळा. कुंडी त्याआधी चारपाच दिवस उन्हात कडक वाळवा. ड्रिलसाठी ओली पाहिजे आणि चिकटवायला कोरडी, हे उलटं केलं की काहीच टिकत नाही. नुसतं सिमेंट लावू नका, थोड्या दिवसांनी कडेनं सुटतं.

पाथर्डी_फाटा

मी पाइपसाठी नाही पण कुंडीचं भोक मोठं करायला अर्धगोल कानस वापरली होती, ओली करून हाताने घासत बसलो टीव्ही बघता बघता. वेळ लागतो पण तुटायची भीती नाही. आधीच भोक असेल तर होल सॉ धरायला मधे काही नसतं त्यामुळे कानसच बरी.

अंबड_टूलरूम

हो कानस चांगली आयडिया. आणि १४ चंच पाडायचं असेल तर भाल्यासारखं टोक असतं ते काचेचं टाइल्सचं बिट पण चालेल, आधी ६ चं पाडा, मग १०, मग १४, एकदम मोठं घालू नका. जागेवर कागदी टेप क्रॉस चिकटवली की टोक घसरत नाही.

पंचवटीतली_मावशी

सासूबाईंचं मी सांगते. त्या उगाच नाही म्हणत, भोक पाडलेलं पाण्याचं मडकं म्हटलं की आपल्याकडे स्मशानातलंच आठवतं, खांद्यावर घेऊन फिरताना अश्म्याने भोक पाडतात ते. माझ्या सासूबाई पण असंच म्हणाल्या असत्या. त्यांच्याशी वाद घालू नकोस बाई. नवरात्रात गरब्याचं मडकं आणतात त्याला सगळीकडे भोकं असतात आणि आत दिवा लावतात, ते घरातच ठेवतो ना आपण? महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात त्याला तर बरोबर बुडाशीच भोक. म्हणजे भोक वाईट नाही, कशासाठी ते बघायचं. आणि वर त्या दादांनी सांगितलंय तसं भोक मागच्या बाजूला वर पाडलंस तर पुढून माठ अखंडच दिसेल, पाणी तोंडातून सांडतंय, भरलेला घट म्हण. नाहीतर सरळ त्यांनाच विचार माठाला कुंकवाची बोटं ओढू का म्हणून, माझं ऐक, त्या स्वतः गेरू घेऊन रंगवायला बसतील.

इंदिरानगरची_बाग

मावशी तुम्ही ग्रेट आहात, गरब्याचं मडकं माझ्या डोक्यातच आलं नाही. आजच बोलते. पंप कुठला घेऊ ते पण सांगा कुणीतरी, कूलरवाला चालेल ना?

नळ_पाणी_गळती

चालेल. बॉक्सवर हेड लिहिलेलं असतं, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो ते, ते बघा. पण लिहिलेल्या हेडला पंप पाणी फेकत नाही, तिथे प्रवाह शून्य होतो. तुमचं कारंजं तीन फूट उंच असेल तर पाच-सहा फूट हेडचा घ्या, जास्त वाटला तर नळीला क्लिप लावून कमी करता येतो, कमी पडला तर काहीच करता येत नाही. पंप कायम पाण्यात बुडालेला पाहिजे, उघडा पडून चालला तर जळतो. एप्रिल मे मध्ये आपल्याकडे ऊन बघता रोज संध्याकाळी कुंडीत पाणी घालावं लागणार हे धरून चाला, वर माठ झिरपणार ते वेगळं. कुंडीला आतून वॉटरप्रूफिंगचा ब्रश मारून घ्या किंवा आत प्लास्टिकचा टब बसवा. वरचे माठ झिरपू देत, ते पाणी खालीच येतंय.

वायर कुंडीच्या काठावरून बाहेर काढा, बुडाच्या भोकातून नाही. आणि सॉकेटला जायच्या आधी वायर थोडी खाली लोंबू द्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. लाइन ३० मिलीअँपच्या आरसीसीबीवर (करंट गळाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, नसेल तर आधी ते.

सातपूर_हिरवाई

बोअरचं पाणी वापरू नका शक्यतो, आमच्याकडे माठावर पांढरे डाग आले सगळीकडे, क्षार असतात. नळाचं किंवा पावसाचं वापरा. डाग आले तर व्हिनेगर पाण्यात मिसळून ब्रशने घासा, पंप बंद करून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

अजून एक कुणी बोललं नाही, डास. कारंजं चालू असेपर्यंत ठीक, पण गावाला गेलात आणि आठवडा पंप बंद राहिला की मधल्या माठात अळ्या झाल्याच, डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. एकतर गप्पी मासे सोडा कुंडीत आणि वरचे माठ रिकामे करून जा, नाहीतर आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासून कोरडं करा. वॉटरप्रूफिंग केलं असेल तर ते पूर्ण वाळल्यावर दोनतीनदा पाणी बदलून मगच मासे.

जुनं_नाशिक

आणि कुंभारवाड्यात जाणार असाल तर अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, करा केळीची गडबड असते सगळ्यांची, तुमच्या भोकाच्या माठाला कुणी हात लावणार नाही. आणि पावसाळ्यात माती वाळत नाही, भट्ट्याही थंडावतात. आत्ता सांगून ठेवा, पुढच्या भट्टीत लावतील. भाव करायचा तर दोन माठ घ्या, भोकाचे वेगळे पैसे सहसा मागत नाहीत.

इंदिरानगरची_बाग

ठरलं मग, चांगल्या माठाला मागून १४ चं, काचेच्या बिटाने, शनिवारी. शंकास्पद माठ मधे ठेवते, त्याला भोक नकोच आहे ना आता. सासूबाईंना गरब्याचं सांगितलं तर म्हणाल्या ते नवरात्रापुरतं असतं, पण गेरू कुठे मिळेल असं विचारत होत्या.

पंचवटीतली_मावशी

रविवार कारंजा चौकाजवळ पूजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात विचार. पांढऱ्या नक्षीला खडूची पावडर घे, आणि रंगवायच्या आधी तुझं ते ड्रिल उरकून घे गं, नाहीतर नक्षीवर टेप लावावी लागेल.