'एक रुका हुआ फैसला': हा थ्रिलर नाही तर काय आहे?

जुनाजाणता:
काल पेठेतला यांनी बासू चटर्जींच्या 'एक रुका हुआ फैसला' या हिंदी सिनेमाबद्दल लिहिलं की एका खोलीत ज्युरीतले (खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळातले) बारा बाप्ये दोन तास केकाटतात, खून दाखवत नाहीत, पाठलाग नाही, पैसे नव्हते म्हणून एका सेटवर उरकलाय, वर अमेरिकन नक्कल, आणि १९८६ साली भारतात ज्युरी होती कुठे, तेव्हा नव्या मंडळींनी वेळ घालवू नये. वाचलं आणि डोकंच फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पैसे नव्हते, मान्य. मूळचा '१२ अँग्री मेन' (१९५७, सिडनी ल्युमेट) तरी कुठे पैशात लोळत होता, साडेतीन लाख डॉलरच्या आसपास झाला तो. आणि त्याच्याही आधी १९५४ला रेजिनाल्ड रोजने ते टीव्हीसाठी लिहिलं होतं, म्हणजे ही गोष्ट जन्मलीच एका खोलीत. बासू चटर्जींनी ती खोलीतच ठेवली हे उत्तम केलं. झोपडपट्टीतलं पोरगं, बापाच्या खुनाचा आरोप, अकरा जण पटापट दोषी म्हणून मोकळे होतात आणि एकटा के. के. रैना म्हणतो, जरा बोलू तरी. पोरगं निर्दोष आहे असं तोही म्हणत नाही हे लक्षात घ्या. तिथून पुढे एकेक पुरावा ढिला पडत जातो. दुर्मिळ म्हणून सांगितलेला चाकू, तसाच दुसरा टेबलावर येतो. पाय ओढत चालणारा म्हातारा पलंगावरून दारापर्यंत एवढ्या झपाट्यात पोचेल का? आगगाडी धडधडत जात असताना त्याला ओरडणं ऐकू आलं कसं? आणि नाकावर चष्म्याच्या खुणा असलेल्या बाईला रात्री पलीकडचं नेमकं काय दिसलं? एकाचा जीव या प्रश्नांवर टांगलेला आहे, शेवट पाठ असूनही मी दर वेळी सावरून बसतो. हा थ्रिलर नाही तर मग काय, गाड्या उडाल्या की थ्रिलर?

आणि पंकज कपूर. शेवटी कळतं की हा माणूस खटल्यातल्या पोराशी भांडतच नव्हता, स्वतःच्या मुलाशी भांडत होता. असं काम आज कोण करतंय दाखवा.

पेठेतला:
मी दाखवतो. असं काम आज कोणी करत नाही कारण असं ओरडलेलं आज कोणी ऐकून घेणार नाही. पंकज कपूर मोठा नट, वाद नाही, पण इथे पहिल्या पाच मिनिटांपासून वरच्या पट्टीत. ल्युमेटच्या सिनेमात तोच माणूस हळूहळू तापतो. अन्नू कपूर तेव्हा तिशीचा, त्याला पांढरे केस लावून म्हातारा केलाय आणि ते दिसतं. नाटकात चाललं असतं, कॅमेरा जवळ आल्यावर नाही चालत.

आणि माझ्या मूळ मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाही. भारतात ज्युरी नव्हती. नानावटी प्रकरणानंतर (नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारल्याचा तो खटला) बंद झाली हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मग १९८६ला ही बारा माणसं आली कुठून? ज्या गोष्टीचा पायाच खोटा ती मला कायद्याबद्दल काय शिकवणार?

काळा डगला:
दोघांनाही थोडं थांबवतो, रोजचं काम हेच आहे माझं. नानावटीमुळे ज्युरी गेली हे अर्धंच खरं. विधी आयोगाने १९५८च्या चौदाव्या अहवालातच ज्युरी बंद करा म्हणून सांगितलं होतं, नानावटीने प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या १९५९च्या एप्रिलमध्ये. ज्युरीने आठ विरुद्ध एक असं सोडलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप, १९६१ला सुप्रीम कोर्टात कायम, १९६४ला राज्यपालांकडून माफी. ज्युरी आधीच उतरणीला लागली होती, त्या खटल्याने तिला शेवटचा धक्का दिला आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

आणि पेठेतला, तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो. नानावटीच्या ज्युरीत नऊ जण होते आणि बहुमत चालायचं. बारा जण आणि सगळ्यांचं एकमत हे सरळ अमेरिकेतून उचललंय. म्हणजे ज्युरी असती तरी आपल्याकडे ती अशी नसती. पण सिनेमाचा जीव बाराच्या आकड्यात नाही. सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचा हे तत्त्व आपल्या प्रत्येक सेशन्स केसला आजही लागू आहे, तिथे बाराऐवजी एक न्यायाधीश बसतो एवढंच. मला या सिनेमावर राग नाही. राग आहे तो हातोडा आपटून 'ऑर्डर ऑर्डर' करणाऱ्या सिनेमांवर, आपल्या कोर्टात हातोडा नसतो हो, कधीच बघितला नाही मी. पक्षकार येतात आणि विचारतात, साहेब गीतेवर हात ठेवायचा ना?

बार्शीलाईट:
ज्युरीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. १९०८, मुंबई हायकोर्ट, टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, आणि न्या. दावरांनी सहा वर्षं मंडालेला पाठवलं. तुमचा के. के. रैना त्या खोलीत असता तर तोही हरलाच असता कारण बहुमत चालायचं. टिळकांचे ज्युरीच्या निकालानंतरचे शब्द आज त्याच हायकोर्टात दगडावर कोरलेले आहेत, १९५६ला मुख्य न्यायाधीश छागलांच्या हस्ते ती पाटी लागली. सामान्य माणसं एकत्र बसली की न्यायच होतो हे या सिनेमाने पसरवलेलं खूळ आहे.

जुनाजाणता:
अहो पण सिनेमा नेमकं उलट सांगतो! अकरा जण सुरुवातीला चुकीच्याच बाजूला आहेत. एकाला झोपडपट्टीतल्या लोकांचा तिटकारा, एकाला घरी जायची घाई, एकाला वादच नको. सामान्य माणसं अशीच असतात हे दाखवून मग एकेकाला जागेवर आणायला किती कष्ट पडतात ते दाखवलंय. टिळकांचं उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं, एकमताची अट असती तर ते दोन पारशी अडून बसू शकले असते.

बार्शीलाईट:
हे मात्र बरोबर बोललात. पुढचं नाही पटत, पण हे बरोबर.

सांगलीची हळद:
ज्युरीचं जाऊ द्या, ती मेली. पंचांचं काय? सिनेमात साक्षीदार घड्याळ लावून तपासतात, आपल्याकडे साक्षीदार म्हणजे काय चीज असते ते माझ्या वडिलांना विचारा. आमचं किराणा दुकान, कोपऱ्यावर घरफोडी झाली, हवालदार आले आणि म्हणाले काका जरा पंच म्हणून या. काका गेले. सही केली, चहा प्यायले, विसरले. काही वर्षांनी समन्स. दुकान बंद ठेवून तालुक्याला, दिवसभर व्हरांड्यात उभे, संध्याकाळी पुढची तारीख. असं किती वेळा झालं. शेवटी पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा आरोपीच्या वकिलाने विचारलं, पितळी तांब्याला डाग कुठल्या बाजूला होता? वडील म्हणाले आठवत नाही, तर वकील म्हणतो, म्हणजे तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर सही केली! भर कोर्टात. आयुष्यभर मापात खोट न केलेला माणूस हो, घरी येऊन जेवला नाही. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पोलीस आले की शटर खाली.

काळा डगला:
तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. तरी तो प्रश्न वकिलाला विचारावाच लागतो. जप्ती खरी झाली की कागदावर झाली हे बघायचा दुसरा मार्ग नसतो. ठराविक पोलीस ठाण्याचे ठराविक पंच असतात, तीच दोन नावं दहा पंचनाम्यांत सापडतात. आता १ जुलै २०२४पासून नवा कायदा आलाय, झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. नीट पाळलं गेलं तर पंचाच्या स्मरणशक्तीवरचं ओझं खूप कमी होईल.

सांगलीची हळद:
विचारावाच लागतो म्हणे. विचारा की, पण खोटारडा कशाला म्हणायचं?

निशिगंध:
तुम्ही सगळे संशयाचा फायदा म्हणून जे डोक्यावर घेऊन नाचताय ना, तो आमच्या घरात येऊन गेलाय. माझी चुलत बहीण सासरी जळाली. शेजारच्या तिघांनी पोलिसांना सांगितलं होतं भांडणाचा आवाज रोज यायचा, त्या रात्रीही आला. कोर्टात तिघेही फिरले. एक म्हणाला मी गावीच नव्हतो, बाकीच्या दोघी म्हणाल्या असं काही बोललोच नाही. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही नसते म्हणे, त्यामुळे तो कागद असून नसल्यासारखा. सगळे सुटले. निकालात तेच शब्द, संशयाचा फायदा. मला तो सिनेमा अर्ध्यात बंद करावा लागला. तो एकटा शहाणा एकेक साक्षीदार मोडीत काढत जातो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. जो मेला त्याच्या बाजूने त्या खोलीत एकाने तरी तोंड उघडलं का?

करवंद:
ताई, तुमचं दुःख मोठं आहे पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या थोरल्या भावाचं नाव एका मारामारीच्या केसमध्ये उगाच घातलं, जमिनीचा वाद होता, घरातले सगळे पुरुष आरोपी करायचे असा हिशेब. तो त्या दिवशी कामावर होता. जामीन मिळेपर्यंत आत, मग वर्षानुवर्षं तारखा. सुटला, पण निकालात तुमचेच शब्द. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला ते कागद निघाले आणि संपलं. लेखी, मैदानी सगळं पास होता. गावात अजून म्हणतात, सुटला म्हणजे काय, पुरावा मिळाला नाही एवढंच. तो कोणाला मोडीत काढत नव्हता हो, त्याला मोडीत काढलं.

निशिगंध:
तुमचा भाऊ जिवंत आहे.

करवंद:
हे बोलायला नको होतं तुम्ही. जिवंत आहे आणि पंधरा हजारावर गोदामात रात्रपाळी करतो. माझी आई त्या धक्क्याने गेली. कोणाचं दुःख मोठं याचा तराजू लावणार असाल तर मी गप्प बसतो.

पेठेतला:
जरा शांत व्हा दोघेही. निशिगंध यांच्या प्रश्नाने माझा मुद्दा मला आणखी नीट कळला. सिनेमात साक्षीदार चुकतात, पण विकले जात नाहीत, घाबरत नाहीत. म्हातारा भाव खायला बोलतो, बाई चष्म्यावाचून बघते. किती निरागस जग! आपल्याकडे साक्षीदार मोडतो तो दारावर कोण येऊन गेलं म्हणून. २००२च्या गुजरात दंगलीतलं बेस्ट बेकरी हत्याकांड आठवा, साक्षीदार फिरले, सगळे सुटले, मग २००४ला सुप्रीम कोर्टाने खटला गुजरातबाहेर काढून मुंबईत पुन्हा चालवायला लावला तेव्हा काही जणांना शिक्षा झाली. कायद्याचा थ्रिलर भारतात करायचा तर तो त्या दारावरच्या थापेचा करायला हवा होता. बासूदांनी अमेरिकन खोली जशीच्या तशी उचलली, ही माझी तक्रार. पैसे कमी होते याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढं मागे घेतो.

जुनाजाणता:
आधी वेळ घालवू नका म्हणालात, आता वेगळा सिनेमा हवा होता म्हणताय. हरकत नाही, या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही कारण तो खरा आहे. पण निशिगंध, एक सांगतो, रागवू नका. त्या खोलीतला माणूस साक्षीदारांना फोडत नाही, तपासतो. तुमच्या बहिणीच्या केसमध्ये कोणी तपासलंच नाही. तिघे एका सुरात फिरले तेव्हा सरकारी वकिलाने उलटतपासणी किती केली? त्या खोलीतल्यासारखं कोणी विचारलं असतं की गावीच नव्हतो म्हणणारा त्या रात्री होता कुठे, तर?

निशिगंध:
चार-पाच प्रश्न विचारले असतील. मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकील दुसऱ्या केसची फाइल चाळत होते. तुम्ही म्हणता ते पटतंय, पण सिनेमा आवडला असं माझ्याकडून वदवून घेऊ नका.

करवंद, आईबद्दल माहीत नव्हतं मला.

करवंद:
ठीक आहे ताई. भाऊ हा सिनेमा बघत नाही, त्यालाही सहन होत नाही. तो म्हणतो माझ्या केसमध्ये असा एकही माणूस नव्हता.

बार्शीलाईट:
साक्षीदार फिरला तर त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला का भरत नाहीत हे कोणी सांगेल का? दर वेळी फितूर घोषित करतात आणि तो आरामात घरी जातो.

काळा डगला:
तरतूद आहे, कोर्टं क्वचित वापरतात. आधीच तुंबलेल्या बोर्डावर आणखी एक केस कोण वाढवणार. बेस्ट बेकरीत मात्र जबाब फिरवणारी मुख्य साक्षीदार झहिरा शेख, तिला २००६ला सुप्रीम कोर्टाने अवमानासाठी वर्षभर तुरुंगात पाठवलं, एवढं सगळं सोसलेल्या पोरीला. तेव्हा हे शस्त्र कोणावर चालतं तेही बघा. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ला सुप्रीम कोर्टाने देशभर लागू केली, पण माझ्या तालुक्याच्या कोर्टात एखाद्या साक्षीदाराने त्यासाठी अर्ज केलेला मी अजून पाहिलेला नाही. त्यांना कोणी सांगतच नाही.

निशिगंध, निकालाविरुद्ध अपील झालं होतं का?

निशिगंध:
नाही. सरकारी वकील म्हणाले शासन अपील करणार नाही, विषय संपला. काकांनी सोडून दिलं.

काळा डगला:
शासनाने नाही केलं तरी पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येतं. २००९च्या शेवटापासून हा हक्क आहे, नव्या कायद्यातही ठेवलाय, आणि कायदेशीर वारसही पीडितात धरतात. म्हणजे तुमचे काका करू शकतात. उशीर झालाय, त्यामुळे विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल आणि तो मंजूर होईलच असं मी सांगणार नाही. ज्या कोर्टाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि त्या तिघांच्या साक्षी, दोन्हीच्या प्रमाणित प्रती आधी काढा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, काकूंच्या नावाने अर्ज करा.

निशिगंध:
हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. केस नंबर काकांच्या डायरीत असेल. विचारते आजच.