फासा पडल्यावर शेवटचा शब्द कुणाचा?

फोंड्याहून: गेल्या रविवारी आमचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचा डाव पाऊण तास एकाच प्रश्नावर अडून बसला. शत्रू अदृश्य होता, पण आमच्या जादूगाराने 'सी इन्व्हिजिबिलिटी' हा मंत्र घातला असल्याने त्याला तो स्पष्ट दिसत होता. आम्ही २०१४च्या नियमपुस्तकांवर खेळतो. त्यांत अदृश्य प्राण्यावरील हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा, असे आहे. आणि हल्लेखोराला तो दिसत असल्यास सूट मिळते, असे तिथे लिहिलेले नाही. फाशांवर १७ आणि ४ पडले, आणि डीएमने, म्हणजे डाव चालवणाऱ्या 'डंजन मास्टर'ने, १७ धरला. तेवढ्यात एकाने मोबाइल पुढे केला; त्यावर नियमांचे तेव्हाचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांचे मत होते, आणि त्यांनीही शब्दशः अर्थच ग्राह्य धरला होता. माझ्या मते डीएमचेच बरोबर होते; समोर दिसणारा माणूस दिसत नाही असे मानून खेळायचे कसे?

मडगावहून: मला हे पटत नाही. आपल्याकडे फुटबॉलचा रेफ्रीही मैदानावर सर्वाधिकारी असतो, पण म्हणून तो ऑफसाइडचा नियम मनाने बदलत नाही. खेळाडू पुस्तक वाचूनच मंत्र निवडतात. उद्या तुमचाच खेळाडू अदृश्य झाला आणि राक्षसाला तो दिसू लागला, तर हाच न्याय त्याला गोड लागेल का?

डिचोलीहून: मोबाइलवरचा पुरावा तर आधी बाजूला ठेवावा. रचनाकारांची जाहीर विधाने हा सल्ला आहे, अधिकृत निर्णय नव्हे, असे प्रकाशकांच्याच 'सेज अ‍ॅडव्हाइस' या नियमांवरील प्रश्नोत्तरांच्या संकलनात म्हटले आहे. नाट्यस्पर्धेत संहिता लेखकाची असली, तरी तालमीत अडलेला प्रसंग दिग्दर्शकच सोडवतो. शिवाय २०२४च्या सुधारित नियमांत, ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध अदृश्यतेचा हा फायदा मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तुमच्या डीएमला जे सुचले, तेच पुढे छापून आले.

मडगावहून: मोबाइलचा मुद्दा मान्य. पण २०२४चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: नियम बदलला तो पुस्तकात, सर्वांना आधी वाचता येईल असा; ऐन हल्ल्यात, फासे पडून गेल्यावर नव्हे. डीएमने ४ धरून डाव पुढे न्यायला हवा होता आणि बदल पुढच्या बैठकीपासून लागू करायला हवा होता.

फोंड्याहून: फासे पडून गेल्यावर निर्णय झाला, एवढा दोष मी कबूल करतो. आता हा नियम, राक्षसांनाही लागू धरून, आम्ही वहीत लिहिला आहे आणि खाली चौघांच्या सह्या आहेत. मोबाइलवाल्याची सही अजून व्हायची आहे; तो म्हणतो, आधी ते १७ परत घ्या.